घर ओढणारा माणूस : ग्लेन कर्टिस

विमानाचा शोध कोणी लावला असं विचारलं तर शाळेतलं पोरसुद्धा राइट बंधूंचं नाव सांगेल. पण त्याच राइट बंधूंनी ज्याच्यावर वर्षानुवर्षं कोर्टात केस चालवली, त्या ग्लेन कर्टिसचं नाव आपल्या मेकॅनिकलच्या पोरांनाही फारसं माहीत नसतं. मलाही नव्हतं. मला तो भेटला एका ट्रकमुळे.

झालं असं, की माझा मावसभाऊ टेक्सासला असतो. दिवाळीत त्याने एक फोटो पाठवला. आपल्या हायवेवर कंटेनर ओढतात ना, तसला व्होल्वोचा धिप्पाड ट्रक, ड्रायव्हरच्या मागे झोपायची केबिन असलेला. पण मागे कंटेनर नाही, अख्खं घर! खिडक्या, पडदे, दाराला पायऱ्या. आणि ट्रकच्या पाठीवर, केबिन आणि घराच्या मधल्या जागेत, आडवी चढवून ठेवलेली एक छोटी कार. मालक कोण, तर दादाच्या शेजारचे रिटायर्ड आजी-आजोबा. त्यांनी राहतं घर विकलं आणि आता वर्षभर ह्या चाकांवरच्या घरातून देश फिरणार होते. दादाने खाली लिहिलं होतं, की आजोबांचं सगळं ठरलंय, फक्त एक गोष्ट ठरत नाहीये. हा ट्रक कुठल्या राज्यात रजिस्टर करायचा? घर विकलं म्हणजे पत्ता गेला, आणि पत्ता गेला म्हणजे 'आपलं राज्य' कुठलं हेही त्यांनाच ठरवावं लागणार.

वाचून मी आधी हसलो. मग हसू गेलं. माझ्या बाबांची बदलीची नोकरी, त्यामुळे बारावीपर्यंत मी तीन राज्यांतल्या चार कॉन्व्हेंटमध्ये शिकलो (माझ्या मराठीत काही चुका दिसल्या तर त्याचं कारण तेच, संपादक मंडळाला दोष देऊ नका). ॲडमिशनच्या वेळी डोमिसाइल सर्टिफिकेट काढायला गेलो, तर खिडकीतल्या साहेबांनी १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा मागितला. माझं वयच तेव्हा १७. तुझं गाव कुठलं, ह्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे साधं उत्तर नव्हतं. पुढचे तीन आठवडे आमच्या घरात कागद शोधताना जे काही झालं ते इथे लिहीत नाही.

तर तो फोटो मी आमच्या सरांना दाखवला. सरांनी घराकडे बघितलंच नाही, बोट ठेवलं ते ट्रकच्या मागच्या ॲक्सलवरच्या लोखंडी चकतीवर. फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवं चाक. घोडागाडीला पुढचा आस वळावा म्हणून आडवी बसवलेली चकती असायची. चार चाकं जमिनीवर, ही पाचवी आडवी, म्हणून ते नाव. मालवाहू ट्रकला ही पद्धत अमेरिकेत १९१० च्या दशकात आली. पण माणसांचं राहतं घर अशा जोडणीवर ओढायची कल्पना ज्याने प्रत्यक्षात आणली तो कर्टिस, असं सर म्हणाले आणि लेक्चरला निघून गेले. मी लायब्ररीत गेलो. दोन रविवार त्यातच गेले.

आता एक खुलासा. मोठ्या माणसांना अहो-जाहो करावं हे मला कळतं. पण आठवीनंतर शाळा सोडलेला, सायकलच्या दुकानात हात काळे करणारा हा पोरगा वाचता वाचता इतका आपल्यातला वाटायला लागला, की मी त्याला अरे-तुरेच करणार आहे.

ग्लेन हॅमंड कर्टिसचा जन्म २१ मे १८७८ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्ट गावचा. न्यूयॉर्क म्हटल्यावर डोळ्यांसमोर उंच इमारती येतात, पण हे गाव त्या शहरापासून खूप लांब, किउका नावाच्या तळ्याच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या मधे. आपल्याकडे नाशिकची द्राक्षं तशी त्यांच्याकडे ह्या भागाची. वडील घोड्यांचा साज बनवायचे. ग्लेन अगदी लहान असताना ते वारले. धाकटी बहीण रुथा आजारपणात बहिरी झाली, तिला कर्णबधिरांच्या शाळेत घालायचं म्हणून आई मुलांना घेऊन रॉचेस्टर शहरात गेली. ग्लेनची शाळा आठवीला संपली. रॉचेस्टरला त्याला काम मिळालं ते ईस्टमनच्या फिल्मच्या कारखान्यात, म्हणजे आपण ज्याला कोडॅक म्हणतो तिथे. तिथे फिल्मवर खुणा छापायचं एक यंत्र त्याने स्वतःच तयार केलं. मग तारखात्यात सायकलवरून तारा पोचवायची नोकरी. त्यातून सायकलचं वेड, रेसचं वेड, आणि शेवटी परत हॅमंड्सपोर्टला येऊन सायकलचं दुकान. १८९८ मध्ये, विसाव्या वर्षी त्याने लीनाशी लग्न केलं. (विसाव्या वर्षी! आपण अजून केटी सोडवतोय.)

सायकल चालवून दमायला होतं म्हणून तिला इंजिन लावायचं, एवढाच विचार होता. मागवलेलं इंजिन नीट चालेना, म्हणून त्याने स्वतः बनवायला घेतलं. पहिला कार्ब्युरेटर त्याने टोमॅटोच्या रिकाम्या डब्यापासून केला. आपल्या वर्कशॉपमध्ये जॉब पंधरा शतांश मिलिमीटरने चुकला म्हणून परत करायला लावतात, त्या सगळ्यांनी ह्या डब्याचं स्मरण करावं.

१९०२ पासून तो स्वतःच्या मोटरसायकली विकायला लागला. त्याच वर्षी त्याचं पहिलं बाळ, कार्लटन, गेलं. पुस्तकात ह्यावर दोनच ओळी आहेत. मी त्या परत परत वाचल्या. त्यानंतर हा माणूस कामातून वर मान काढतच नाही.

एक गंमत सांगतो. गाड्यांचं रजिस्ट्रेशन सुरू करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य न्यूयॉर्कच, साल १९०१. सरकार नंबर देत नसे, मालकाने आपल्या नावाची आद्याक्षरं पाटीवर लिहून स्वतःच गाडीला लावायची. म्हणजे गाडीला राज्य चिकटलं ते ग्लेन आपल्या सायकलला इंजिन चिकटवत होता त्याच सुमारास, आणि त्याच राज्यात.

कर्टिसची इंजिनं हलकी आणि भरवशाची. १९०४ मध्ये थॉमस बाल्डविन नावाच्या माणसाने ते मोटरसायकलचं इंजिन फुग्याच्या विमानाला, म्हणजे एअरशिपला लावलं आणि ते उडालं. मागणी वाढली. मग ग्लेनने आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बनवलं. ते एअरशिपसाठी होतं, पण त्याला राहवेना. त्याने ते मोटरसायकलवर चढवलं! बेल्ट किंवा चेन एवढी ताकद झेपणार नाही म्हणून शाफ्ट आणि बेव्हल गिअर. २४ जानेवारी १९०७ ला फ्लोरिडाच्या ऑर्मंड बीचवर, ओल्या कडक वाळूवर त्याने एक मैल २६.४ सेकंदांत कापला. ताशी १३६.३६ मैल, म्हणजे जवळजवळ २१९ किलोमीटर. त्या दिवशी पृथ्वीवर त्याच्याइतक्या वेगाने कुणीच गेलेलं नव्हतं, गाडीतून नाही, रेल्वेतून नाही. परतीच्या धावेत युनिव्हर्सल जॉइंट तुटला आणि फ्रेम वाकली, तरी गाडी त्याने सरळ उभी केली. दुसरी धाव पूर्ण झाली नाही म्हणून तो विक्रम अधिकृत धरला गेला नाही. फ्लोरिडाशी त्याची ही ओळख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेव्हा साठीला आलेले आणि त्यांना विमानाचं वेड लागलेलं. १ ऑक्टोबर १९०७ ला त्यांनी पाच जणांची एक संस्था काढली. पैसे बेलबाईंचे, मेबेल यांचे. त्या स्वतः लहानपणापासून कर्णबधिर होत्या. ग्लेन त्या संस्थेत प्रयोगांचा प्रमुख. ४ जुलै १९०८, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, हॅमंड्सपोर्टला गावकऱ्यांची जत्रा भरलेली. ग्लेनने 'जून बग' नावाचं विमान दीड किलोमीटरच्या वर उडवून सायंटिफिक अमेरिकन मासिकाची ट्रॉफी जिंकली. राइट बंधू १९०३ मध्येच उडाले होते, पण ते गुपचूप काम करत. आधी जाहीर करून, सगळ्या लोकांसमोर असं उड्डाण अमेरिकेत त्याआधी झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९०९ मध्ये, फ्रान्समधल्या रँसला जगातली पहिली मोठी विमानशर्यत झाली. इंग्लिश खाडी उडून ओलांडणारा ब्लेरिओ घरच्या मैदानावर. ग्लेनकडे एक विमान, एक जादा प्रोपेलर आणि दोन मेकॅनिक. सहा सेकंदांच्या आसपास फरकाने तो जिंकला. १९१० मध्ये ऑल्बनीहून न्यूयॉर्क शहरापर्यंत हडसन नदीवरून उडत येऊन दहा हजार डॉलरचं बक्षीस घेतलं. त्याच वर्षी त्याच्या विमानाने जहाजाच्या डेकवरून उड्डाण केलं, १९११ मध्ये जहाजावर उतरूनही दाखवलं, आणि त्याच जानेवारीत सॅन डिएगोला पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावर उतरणारं विमान त्याने स्वतः उडवलं. अमेरिकन नौदलाचं पहिलं विमान त्याचंच.

आता केसबद्दल. राइट बंधूंचं पेटंट विमान वळवण्याच्या पद्धतीवर होतं. ते पंखच पिळायचे. कर्टिस आणि मंडळींनी पंखांना वेगळ्या हलत्या झडपा लावल्या, आजही आपण त्यांना एलेरॉन म्हणतो. राइट म्हणाले कल्पना आमचीच. १९०९ ला केस सुरू झाली, १९१४ ला निकाल राइट बंधूंच्या बाजूने. त्यावर ग्लेनने काय केलं, तर लँग्लेचं १९०३ सालचं पडलेलं विमान बाहेर काढून, त्यात बरेच फेरफार करून हॅमंड्सपोर्टच्या तळ्यावरून उडवून दाखवलं, म्हणजे राइट पहिले नव्हते असं म्हणता यावं. हे काही बरोबर झालं नाही. इथे मला आपला हिरो आवडला नाही. ह्या प्रकरणाचा कडवटपणा इतका टिकला की राइट बंधूंचं मूळ विमान कित्येक वर्षं लंडनच्या म्युझियममध्ये पडून होतं, ते १९४८ मध्ये अमेरिकेत परत आलं. शेवटी भांडण सुटलं ते १९१७ मध्ये, महायुद्धात सरकारला विमानं हवी होती म्हणून. सगळ्यांची पेटंटं एकत्र केली गेली. आणि १९२९ मध्ये तर कंपन्याच एक झाल्या, कर्टिस-राइट. वकिलांची फी कोणी कोणाला परत केली नाही.

युद्धात त्याच्या कंपनीचं 'जेनी' विमान हजारोंनी बनलं. हॅमंड्सपोर्टचं दुकान कुठल्या कुठे, कारखाना आता बफेलो शहरात. १९१९ मध्ये कर्टिस कंपनीचं एनसी-४ मुक्काम करत करत अटलांटिक ओलांडून गेलेलं पहिलं विमान ठरलं. ग्लेन तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा. १९२० मध्ये कंपनीचा कारभार दुसऱ्यांच्या हातात गेला. भरपूर पैसा घेऊन तो बाहेर पडला.

आणि इथून मला हा माणूस खरा आवडायला लागला. इतकं सगळं झाल्यावर दुसरा कोणी घरी बसला असता. ह्याने राज्य बदललं.

न्यूयॉर्कचा थंडगार बर्फ सोडून तो फ्लोरिडात गेला. युद्धाच्या काळात मायामीला त्याने विमानाची शाळा काढली होती, तेव्हाच जेम्स ब्राइट नावाच्या गुरांच्या मालकाशी गट्टी जमली होती. दोघांनी मिळून दलदलीच्या काठची हजारो एकर जमीन घेतली आणि गावं वसवली. हियालिया, मायामी स्प्रिंग्ज, आणि सगळ्यांत मजेशीर ओपा-लोका. ह्या तिसऱ्या गावाची रचना अरबी सुरस कथांवरून. घुमट, मिनार, अलीबाबा ॲव्हेन्यू, शहरजाद बुलेव्हार्ड! अलीबाबाच्या नावाच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला पत्ता सांगताना काय वाटत असेल? मायामी स्प्रिंग्जमध्ये त्याने स्वतःसाठीही मोठा बंगला बांधला.

त्या वेळी फ्लोरिडात जमिनींचा नुसता बाजार उठला होता. १९२४ मध्ये तर तिथल्या मतदारांनी घटनेतच दुरुस्ती केली, की राज्य प्राप्तिकर घेणार नाही आणि वारसा करही घेणार नाही. पैसेवाल्यांनी इथे येऊन राहावं, इथलेच व्हावं, हा सरळ हेतू. ग्लेन त्याच्या आधीच आला होता, त्यामुळे त्याने करासाठी राज्य बदललं असं मी म्हणणार नाही. पण राज्य ही जन्माने मिळणारी गोष्ट न राहता दुकानातल्या मालासारखी निवडायची गोष्ट झाली, ती अशी. सप्टेंबर १९२६ मध्ये मायामीवर भयंकर चक्रीवादळ आलं आणि तो बाजार झोपला. ग्लेनचंही नुकसान झालं.

आता येतो आपला फिफ्थ व्हील. ग्लेनला शिकारीचा आणि रानात मुक्कामाचा शौक होता, एव्हरग्लेड्सच्या दलदलीत मित्रांना घेऊन जायचा. तंबूत झोपायचा कंटाळा आला म्हणून त्याने आणि त्याचा सावत्र भाऊ कार्ल ॲडम्सने गाडीमागे ओढायची घडीची घरं बनवायला घेतली होती, ती १९१० च्या दशकाच्या शेवटी. १९२८ च्या सुमारास ओपा-लोकाला त्यासाठी कंपनीच काढली. त्या घराचं नाव एअरोकार.

इथे जरा थांबतो, कारण हा भाग खास आपल्यासाठी आहे. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरला अडकवतात. म्हणजे वजन मागच्या चाकांच्याही मागे. फ्री बॉडी डायग्राम काढा, लगेच दिसेल. मागे दाब पडला की गाडीचं नाक वर उचलतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते, आणि ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागला की तो गाडीलाच हलवतो. ग्लेनने जोडणी बंपरवरून काढून गाडीच्या आत, मागच्या ॲक्सलच्या जवळ आणली. तिथे त्याने विमानाचं हवा भरलेलं चाक आडवं बसवलं आणि घराच्या नाकाची खीळ त्या चाकाच्या मधोमध घातली. झालं! वजन ॲक्सलवर पडलं, आणि धक्के टायरने गिळले. पाचवं चाक हे नाव इथे अगदी शब्दशः खरं होतं. घराचा सांगाडाही विमानाच्या धडासारखा, हलक्या लाकडी पट्ट्या आणि त्यांना तिरप्या ताणलेल्या तारा. त्यामुळे एवढं मोठं घर साधी दोन सीटची कूपे गाडी ओढायची. काही एअरोकारमध्ये तर आत बसलेल्यांना ड्रायव्हरशी बोलायला टेलिफोन होता. बेलसाहेबांच्या चेल्याला शोभेल असाच.

आज ते हवेचं चाक गेलं, त्या जागी लोखंडी चकती आणि जबडा आला, घरं आठ-नऊ टनांपर्यंत जड झाली. ओढायला कूपे पुरेना, पिकअप पुरेना, म्हणून दादाच्या शेजारच्या आजोबांसारखे लोक सरळ मालवाहतुकीतून निवृत्त झालेला ट्रक विकत घेतात. मागच्या दोन ॲक्सलपैकी एक काढून टाकतात, वर कार ठेवायला फळी बसवतात. छत्तीस टनांसाठी बनवलेले ब्रेक आणि इंजिन, त्याच्यामागे नऊ टनांचं घर म्हणजे काहीच नाही.

पण आरटीओला (त्यांच्याकडे नाव वेगळं, जात तीच) हा प्राणी कुठला ते कळत नाही. माल नेणारा ट्रक म्हणावा तर माल नाही. कार म्हणावी तर एवढी मोठी कशी! आणि अमेरिकेत गाड्यांचे कायदे केंद्राचे कमी, राज्यांचे जास्त. दादाला मी खोदून खोदून विचारलं, त्यातून कळलं ते असं. एकच ट्रक एका राज्यात व्यापारी वाहन ठरू शकतो आणि दुसऱ्यात मोटारहोम, म्हणजे राहण्याची गाडी. मोटारहोमची केंद्राची व्याख्या मला फार आवडली. स्वयंपाकाची सोय, फ्रीज, संडास, हीटर किंवा एसी, नळ आणि सिंकसकट पिण्याचं पाणी, घरगुती विजेचं किंवा गॅसचं स्वतंत्र कनेक्शन, ह्या सहांपैकी चार पाहिजेत. बऱ्याच राज्यांची व्याख्या अशीच काहीतरी. म्हणजे ट्रकच्या झोपायच्या केबिनमध्ये फ्रीज, मायक्रोवेव्ह, एसी आणि विजेचं कनेक्शन बसवलं की ट्रकचं घर होतं, निदान कागदावर. ह्या हिशोबाने आपल्या होस्टेलच्या खोल्या मोटारहोममध्येसुद्धा बसणार नाहीत.

लायसन्सचंही तसंच. स्वतःचं घर धंद्यासाठी नाही तर हौसेने ओढताय, म्हणून ट्रक ड्रायव्हरचं व्यावसायिक लायसन्स लागत नाही, इथपर्यंत ठीक. पण टेक्सासमध्ये ट्रक आणि घर मिळून २६ हजार पौंडांच्या, म्हणजे साधारण पावणेबारा टनांच्या वर गेलं, तर बिगर-व्यावसायिक का होईना, वरच्या वर्गाचं लायसन्स काढावं लागतं. लेखी परीक्षा, आणि ती सगळी वरात चालवून दाखवायची. साऊथ डकोटात साधं लायसन्स चालतं. म्हणून घर विकून निघालेले बरेच जण साऊथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा ह्या तिघांपैकी एक निवडतात. तिन्हीकडे राज्याचा प्राप्तिकर नाही. साऊथ डकोटात तर एक रात्र मुक्काम केल्याची पावती आणि टपाल घेणाऱ्या एजन्सीचा पत्ता एवढ्यावर लायसन्स मिळतं, मतदानाच्या हक्काचे नियम मात्र २०२३ मध्ये कडक केले. एका राज्याची नंबर प्लेट बाकी सगळ्या राज्यांत चालते, त्यामुळे एकदा निवडलं की सुटलात. काही हुशार लोक विक्रीकर वाचवायला मोंटानात नावापुरती कंपनी काढून तिच्या नावावर ट्रक घेतात, आणि स्वतःच्या राज्याने पकडलं की दंडासकट कर भरतात.

एवढं स्वस्त आणि सोपं असेल तर आजोबांनी साऊथ डकोटा लगेच का नाही घेतलं? मीही दादाला हेच विचारलं. तर ट्रकचं राज्य आणि माणसाचं राज्य वेगळं ठेवता येत नाही. जिथे ट्रक तुमचा, तिथेच तुमचं लायसन्स, तिथलाच इन्शुरन्स, तिथलंच मत, तिथली ज्युरीची नोटीस. आणि मुख्य म्हणजे पासष्टीच्या आधीचा आरोग्य विमासुद्धा बहुतेक त्याच राज्यापुरता. आजोबांना मेडिकेअर मिळतं, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठीचा केंद्राचा विमा, तो देशभर चालतो. आजी त्यांच्याहून सात वर्षांनी लहान, तिचं हृदयाचं औषध चालू, तिचे डॉक्टर टेक्सासमध्ये. साऊथ डकोटाचा विमा घेतला तर तिला दर वेळी उत्तरेला पळावं लागणार. आजोबांना परीक्षेची भीती, आजीला डॉक्टर सुटायची. दोन महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता म्हणे.

ग्लेनकडे परत येतो. गावं वसवली, घरं चालती केली, पण जुनी भांडणं न्यूयॉर्क राज्यातच राहिली होती. १९०९ मध्ये हेरिंग नावाच्या भागीदाराबरोबर काढलेली कंपनी वर्षभरात बुडाली होती आणि त्याचा खटला वीस वर्षांनंतरही चालूच होता. त्यासाठी १९३० च्या उन्हाळ्यात ग्लेनला फ्लोरिडाहून परत रॉचेस्टरला यावं लागलं, ज्या शहरात त्याने तारा वाटल्या होत्या तिथेच. कोर्टाचं काम चालू असतानाच अपेंडिक्सचं दुखणं उठलं. बफेलोला ऑपरेशन झालं, आणि त्यातून बरा होतोय असं वाटत असतानाच २३ जुलै १९३० ला तो गेला. वय ५२. मुलगा, धाकटा ग्लेन, तेव्हा अठरा वर्षांचा. एअरोकार त्याच्यामागे आणखी काही वर्षं बनत राहिली.

त्याला पुरलं ते फ्लोरिडात नाही. हॅमंड्सपोर्टजवळच्या दफनभूमीत, द्राक्षमळ्यांच्या गावी. गावात आता त्याच्या नावाचं म्युझियम आहे.

हा लेख देण्याच्या आदल्या आठवड्यात दादाचा दुसरा फोटो आला. ट्रकवर टेक्सासची पाटी. आजोबांनी परीक्षा दिली, पहिल्या वेळी मागे घेताना एक कोन पाडला आणि नापास झाले, दुसऱ्या वेळी पास. उन्हाळ्यात ते न्यूयॉर्क राज्याच्या बाजूला जाणार आहेत. हॅमंड्सपोर्टला नक्की जा असं मी कळवलंय. फक्त एवढी मोठी गाडी त्या छोट्या गावात कुठे लावायची, ते त्यांनी आधी बघून ठेवावं.